शेतीच्या रकान्यातला आकडा

३ डिसेंबर २०२४, मंगळवार. पांढरकवडा

खोली मिळाली. घरमालकीण काकूंचा पहिला प्रश्न, "तुम्ही वाघवाल्या का?" म्हटलं, नाही, मी वावरं बघायला आलेय. त्या जरा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. "वावरात काय पाह्यचं असते बाप्पा?"

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाचा प्रबंध, विषय भूदृश्य परिस्थितिकी, असं सांगितलं असतं तर त्यांनी डिपॉझिट वाढवून मागितलं असतं. म्हणून एवढंच म्हटलं, की एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जाणारं जनावर मधल्या शेतांतून कसं जातं ते बघायचंय. त्यावर त्या म्हणाल्या, "रात्री जाते." पहिल्या दिवसाची पहिली नोंद हीच.

रात्री लॅपटॉप उघडला. टिपेश्वर अभयारण्य ते पैनगंगा अभयारण्य, मधल्या जमिनीचे बारीक चौकोन पाडलेत आणि प्रत्येक चौकोनाला एक आकडा दिलाय. तो ओलांडणं वाघाला किती जड, याचा तो आकडा. दाट जंगल १, विरळ जंगल ५, झुडपं १०, शेती ६०, हायवे ८०, गाव १००. संगणक मग सर्वांत हलकी वाट शोधून देतो. शेतीला ६० का, हे मला कुणी विचारलेलं नाही, हे माझं नशीब. वाचलेल्या निबंधांतले आकडे एकमेकांशी जुळत नव्हते, मी मधला उचलला. आणि यवतमाळचा नकाशा बघावा तर जिल्ह्याचा मोठा भाग त्या एकाच रकान्यात जाऊन बसतो.

६ डिसेंबर

सोबतीला भाऊ मिळालेत. जवळच्या कोलाम पोडातले, म्हणजे वस्तीतले, आधी कॅमेरा ट्रॅप लावायच्या कामावर होते. मी 'बांध' म्हटलं की त्यांना तलावाचा बांध वाटतो. इथं शेताच्या कडेला धुरा. आमच्या साताऱ्याकडचा बांध म्हणजे फूटभर रुंद, तोही दर वर्षी दोन्हीकडून कोरलेला, त्यावरून भावाभावांत कोर्टकज्जे. इथले जुने धुरे अजून काही ठिकाणी तीन-चार हात रुंद आहेत. बोरी, पळस, बाभूळ, एखादा कडुनिंब, खाली गवत. पुस्तकात याला कॉरिडॉर म्हणतात आणि त्याची रुंदी मोजायला सांगतात. भाऊ म्हणाले, ट्रॅक्टर आल्यापासून धुरे बारीक झाले. बैलाला वळायला जागा लागायची, सावलीला झाड लागायचं. ट्रॅक्टरला झाड आडवं येतं.

आमच्या अभ्यासक्रमातलं सगळं तीन शब्दांवर उभं आहे: तुकडा, पट्टा आणि उरलेलं सगळं. रिचर्ड फोरमन आणि मिशेल गोद्राँ यांनी १९८६ च्या पुस्तकात ही मांडणी पक्की केली. उरलेल्या सगळ्याला इंग्रजीत मॅट्रिक्स म्हणतात. मराठीत काय म्हणावं हे मला सहा महिने सुचलेलं नाही. इथं त्याला वावर म्हणतात.

९ डिसेंबर, सोमवार

आज सुन्ना गेटच्या बाजूनं अभयारण्याच्या कडेकडेनं फिरलो. टिपाई देवीच्या नावावरून टिपेश्वर. क्षेत्र १४८.६३ चौरस किलोमीटर. ऐकायला मोठं वाटतं, पण मोठ्या होणाऱ्या नर पिल्लांना लवकरच अपुरं पडतं. बाप आपली जागा सोडत नाही, आईजवळ कायम राहता येत नाही. मग निघायचं.

असाच एक निघाला होता, टी-१ सी-१. पुढं त्याला 'वॉकर' नाव पडलं. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेनं २०१९ च्या फेब्रुवारीत त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर बांधली. जूनमध्ये त्यानं टिपेश्वर सोडलं. पांढरकवड्याची शेतं, तेलंगणातला आदिलाबाद, परत इकडं, पैनगंगा, मग हिंगोली, वाशीम, अकोला आणि डिसेंबरात बुलढाण्याचं ज्ञानगंगा अभयारण्य. तीन हजार किलोमीटरहून जास्त. नऊ महिन्यांत पाच हजारांवर ठिकाणांची नोंद. पहिल्या वर्गात सरांनी तो नकाशा भिंतीवर दाखवला, तेव्हा माझ्या मनात एकच आलं होतं, की हे पोर नुसतं भटकलंय. ती वाकडीतिकडी रेघ बघून मी हा विषय घेतला, हे मात्र खरं.

भाऊंना मोबाइलवर नकाशा दाखवला. त्यांनी रेघेऐवजी खालच्या तारखा वाचल्या. "जून ते डिसेंबर," म्हणाले. "म्हंजे पीक उभं होतं तवा."

मी तो नकाशा शंभरदा पाहिलाय.

१२ डिसेंबर

फळा तयार झाला. पांढरकवड्यातल्या सुताराकडून प्लायवुड कापून घेतलं, अर्धा मीटर रुंद, एक मीटर उंच. वाघाची खांद्यापाशी उंची साधारण तेवढीच. त्यावर काळेपांढरे पन्नास चौकोन रंगवले. भाऊंनी फळा धरून शेतात उभं राहायचं, मी वीस मीटरवर वाकून बघायचं आणि किती चौकोन झाकले गेले ते लिहायचं. आडोसा मोजण्याची ही जुनी रीत. चौकोन सगळे दिसले तर आडोसा शून्य.

पहिलंच शेत कपाशीचं. दुसरी वेचणी झालेली, झाडं छातीएवढी. भाऊ सरीत उतरले आणि फळ्यासकट दिसेनासे झाले. पन्नासपैकी पन्नास. मी ओरडले, "भाऊ, फळा वर धरा!" ते ओरडले, "वरच हाये!" कापूस वेचणाऱ्या बाया हसून हसून खाली बसल्या. एकीनं विचारलं, "हे बुद्धिबळ कोण खेळून रायलं?"

मग सागाचं जंगल, अभयारण्याच्या बाहेरचं, वनखात्याच्या नकाशावर व्यवस्थित हिरवं. खाली चराई झालेली, पानं गळायला लागलेली. पन्नासपैकी एकोणीस.

माझ्या तक्त्यात या जंगलाला ५ आणि त्या कपाशीला ६०.

१४ जानेवारी २०२५, संक्रांत

सुट्टी. काकूंनी वाण दिलं, वर तिळगुळाचे पाच लाडू. हळदीकुंकवाला आलेल्या सगळ्यांना माझी ओळख 'आमच्याकडची वावरवाली' अशी करून दिली.

१७ जानेवारी

आज एका शेतात मोजणी करताना मालक येऊन उभे राहिले. साठीचे असावेत. काय मोजता, म्हणाले. कपाशीचा आडोसा, म्हटलं. ते म्हणाले, "यंदा काहीच नाही पोरी. सतराला पाह्यला पाह्यजे होतं. पऱ्हाटी डोक्यावर गेलती."

२०१७ बद्दल मी वाचलं होतं, पण कपाशीच्या उंचीशी त्याची सांगड घातली नव्हती. त्या वर्षी पीक दाट आणि उंच वाढलं, कीड आली, आणि फवारणारी माणसं डोक्याइतक्या उंच झाडांत शिरून औषध मारत होती. उडालेला फवारा तोंडावरच येत होता. जिल्ह्यात विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी आणि मजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. "मी बी चार दिवस सलाइनवर होतो," ते म्हणाले आणि पंप ठेवलेल्या झोपडीकडं बोट केलं, जणू तो साक्षीदार आहे.

मी वहीत लिहिलं होतं: कपाशी, उंची जास्त, आडोसा उत्तम. 'उत्तम' हा शब्द खोडला. नुसता आकडा ठेवला.

२५ जानेवारी, शनिवार

फरदडीचा प्रश्न आज नीट समजला, आणि प्रबंधाचं अर्धं प्रकरण त्यातच आहे असं वाटतंय.

कपाशीच्या दोन-तीन वेचण्या झाल्या की झाड संपत नाही. पाणी दिलं तर पुन्हा पात्या-फुलं धरतं आणि मार्चपर्यंतसुद्धा थोडा कापूस देतं. ती फरदड. पण २०१७ लाच गुलाबी बोंडअळीनं हाहाकार केला आणि तेव्हापासून कृषी खातं दर हिवाळ्यात कानीकपाळी ओरडतंय, फरदड घेऊ नका, पऱ्हाट्या उपटा, अळीला उन्हाळ्यात खायला शिल्लक ठेवू नका. शेतीच्या हिशेबानं सल्ला बरोबर आहे. कोरडवाहूवाला ऐकतो, कारण त्याच्याकडं पाणीच नसतं. विहीरवाला भाव बघून ठरवतो.

म्हणजे एकाच धुऱ्याच्या अलीकडं जानेवारीत जमीन मोकळी आणि पलीकडं मार्चपर्यंत छातीएवढा आडोसा. उपग्रहाच्या नकाशात दोन्हींचं नाव शेती. अलीकडचा आकडा पावसानं ठरवला, पलीकडचा कापसाच्या भावानं आणि दोन्हींवर एका अळीची सही. कुठल्या तज्ज्ञाला विचारून मी ६० लिहिणार होते?

सरांना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "तुझा जमीन-वापराचा नकाशा कुठल्या महिन्यातल्या छायाचित्रांवरून बनवलाय?" मी बघितलं. फेब्रुवारी. "का?" ढग नसतात म्हणून. पावसाळ्यातली चित्रं ढगांनी भरलेली असतात, त्यामुळं वर्गीकरणाला सगळे कोरड्या दिवसांतली स्वच्छ चित्रं घेतात. पलीकडून काही बोलणं आलं नाही. मग मीच म्हटलं, वॉकर जूनला निघाला होता.

कार्ल ट्रोल या जर्मन भूगोलतज्ज्ञानं १९३९ मध्ये या शास्त्राला नाव दिलं, तेही विमानातून काढलेली छायाचित्रं बघता बघता. वरून बघण्यातूनच आमचा विषय जन्मलाय. वरून सगळं एकदम दिसतं, पण एका दिवसाचंच दिसतं.

९ फेब्रुवारी

ब्रॅड मॅक्रे या अमेरिकी शास्त्रज्ञाची पद्धत वापरून पाहिली. जमीन म्हणजे विजेचं सर्किट समजायचं. एका अभयारण्यातून वीज सोडायची, दुसऱ्यातून काढून घ्यायची. जिथं अडथळा कमी तिथून जास्त प्रवाह वाहतो. एकच वाट न दाखवता सगळ्या शक्य वाटा दाखवते, ही यातली गंमत. पडद्यावर नाल्यांच्या कडेनं पिवळ्या रेषा उजळल्या. शिंदीची बनं जिथं शिल्लक आहेत ती ठिकाणं तर अगदी लखलखीत. बरं वाटलं.

काकू चहा घेऊन आल्या. हे काय, म्हणाल्या. करंटचा नकाशा, म्हटलं.

त्यांचा चेहरा उतरला. "कुठं लावला करंट? कोनाच्या वावरात?"

मग लक्षात आलं. इथं करंट म्हणजे रानडुकरांसाठी कुंपणावर सोडलेली वीज. झटका मशीन वेगळं, ते कायद्यात बसतं. बॅटरीवर चालतं, क्षणभर झटका देतं, जीव घेत नाही. पण कुणी रात्री थेट लाइनीवर तार टाकतं. त्यात डुक्कर मरतं, रोही मरतो, वाघ मरतो आणि कधी पहाटे पाणी द्यायला गेलेला शेजारीही मरतो. काकूंच्या माहेरच्या नात्यात असं घडलेलं. त्यांनी सांगितलं आणि पुन्हा एकदा पडद्यावरच्या पिवळ्या रेषांकडं पाहिलं.

माझा प्रवाह जिथं सर्वांत जास्त, तिथंच पिकाचं नुकसान जास्त. म्हणजे तारही तिथंच लागण्याची शक्यता जास्त. हा अडथळा कुठल्याच उपग्रहाला दिसत नाही. तो संध्याकाळी सातला उभा राहतो आणि पहाटे पाचला गुंडाळून ठेवला जातो. मी नकाशा मिटवला नाही, पण कुणाला दाखवायचा हे ठरवावं लागेल. शिंदीच्या बनांची नेमकी ठिकाणं प्रबंधात द्यायची नाहीत, एवढं आज ठरलं.

१९ फेब्रुवारी, बुधवार. राळेगाव

तुलनेसाठी राळेगाव तालुक्यात दोन दिवस. इथं फळा गाडीतून काढला नाही.

याच भागात २०१६ ते २०१८ या काळात १३ माणसांचे मृत्यू एका वाघिणीच्या नावे नोंदले गेले. वनखात्याच्या कागदांत ती टी-१, शहरांतल्या लोकांनी तिला अवनी म्हटलं. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीजवळ तिला गोळी घातली गेली. तेव्हा मी बी.एस्सी.लाही नव्हते, पण तिच्यासाठी लावलेल्या मेणबत्त्यांचे फोटो आठवतात. इथं आल्यावर ते फोटो आठवायची लाज वाटते. शहरातलं दुःख खोटं होतं असं नाही. पण त्या दोन वर्षांत रोज सकाळी कापूस वेचायला जावंच लागणाऱ्या बायांचा फोटो मी कुठं पाहिल्याचं आठवत नाही.

एक आजी बोलल्या. वेचणीच्या वेळी त्या काळात बाया एकट्या जात नसत, पाच-सहा जणींनी एका ओळीत चालायचं, मोठ्यानं बोलत राहायचं, एका गड्यानं धुऱ्यावर काठी घेऊन उभं राहायचं. त्याला मजुरी द्यावी लागे, ती कापसातून वजा. "वाकलं का मानूस दिसत नाही पऱ्हाटीत," आजी म्हणाल्या. "आमाले बी काही दिसत नाही."

वीस मीटरवरून वाकून मी दोन महिने हेच मोजतेय. माझ्या बाजूनं वाघाला आडोसा. त्यांच्या बाजूनं पाहिलं तर समोर काय आहे ते न दिसणं. आकडा तोच, पन्नासपैकी पन्नास.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

रस्त्यावर गर्दी, जेवायला साबुदाणा. काम नाही. वाघ आणि उपवास यांवरचा भाऊंचा विनोद इथं लिहिण्यासारखा नाही.

१४ मार्च, धुळवड

जमीन उघडी पडली. पऱ्हाट्यांचे ढीग धुऱ्यावर, काही जाळलेले. तूर निघाली, हरभरा निघाला. काळ्या मातीला भेगा. डिसेंबरात जिथं भाऊ फळ्यासकट नाहीसे झाले होते, तिथं आज दोनशे मीटरवरून त्यांच्या शर्टाचं बटण दिसेल. चौकोन झाकले शून्य. मोजणीच्या तीस शेतांपैकी ओलिताची सहाच शेतं सोडली तर सगळीकडं हेच.

आता फक्त नाले उरलेत, शिंदी उरलीय, आणि ई-क्लासच्या जमिनी. गुरं चारायला राखलेली ही सरकारी जमीन. वऱ्हाडातली जुनी विभागणी, तिचं इंग्रजी अक्षर गावोगाव मराठी होऊन बसलंय. कागदावर पडीक. त्यावर आज पळस असा फुललाय की भाऊ नेहमीप्रमाणे पुढं न जाता थांबले. रंग घरूनच लावून आले होते.

या दिवसांत निघालेल्या वाघाला काय वाटा आहेत, ते नकाशावर काढलं. डिसेंबरचा नकाशा पसरट, पाण्यासारखा सगळीकडं झिरपलेला. मार्चचा नकाशा म्हणजे चार-पाच बारीक दोरे, आणि त्यातले दोन राष्ट्रीय महामार्ग ४४ ला येऊन तुटतात. याच महामार्गावर वर पेंचच्या जंगलात जनावरांसाठी नऊ ठिकाणी खालून वाटा काढल्यात आणि वाघ त्या वापरतात हे कॅमेऱ्यांनी दाखवून दिलंय. पण ते व्याघ्र प्रकल्पाचं जंगल आहे. कपाशीतून जाणाऱ्या रस्त्याखाली भुयार मागायचं तर कुठल्या जंगलाच्या नावानं मागायचं?

३० मार्च, पाडवा

मोहाची फुलं पडायला लागली. पहाटे चारला पोडातली माणसं टोपल्या घेऊन निघतात, त्याच वेळी अस्वलंही. मी सहाला पोचते, तोवर दोन्ही पक्ष जेवून गेलेले असतात.

२४ मे, शनिवार. संस्थेत

लेखन. सरांच्या टेबलावर परवाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाची बातमी: झुडपी जंगल हे वनच. पण 'झुडपी जंगल' हा नागपूर विभागातल्या सहा जिल्ह्यांचा शब्द. यवतमाळ वऱ्हाडात, आमच्याकडं ती नोंदच नाही. वर्धा नदीच्या पलीकडच्या काठावर ज्या काटेरी झुडपांचा खटला दिल्लीत चालला, अलीकडच्या काठावर तीच झुडपं ई-क्लास. वाघ पोहत नदी ओलांडतो तेव्हा त्याच्या पायाखालची कलमं बदलतात. सर म्हणाले, हे प्रबंधात नको, परिशिष्टात टाक. परिशिष्टात टाकलं.

तक्ताही बदलला. शेतीच्या एका रकान्याचे बारा केले, दर महिन्याला एक. त्यातही कोरडवाहू निराळी, ओलिताची निराळी. चोवीस आकडे. रात्रीच्या तारेसाठी आकडा नाही, तिथं रेघ मारून ठेवलीय. परीक्षक विचारतील. विचारू देत.

२२ जून, रविवार. पांढरकवडा

राहिलेलं सामान न्यायला आले. पाऊस लागलाय. खुनी नदीला गढूळ पाणी. काकूंनी खोली दुसऱ्या मुलीला दिलीय, ती बँकेत आहे. "तिचं समजते तरी काय करते ते," म्हणाल्या आणि मला भजी वाढली.

संध्याकाळी भाऊंना भेटायला गेले. पोडाबाहेरच्या त्याच शेतात बाया दोरी ताणून ओळीनं सरकी टोबत होत्या. दोरीला ठरावीक अंतरावर चिंध्या बांधलेल्या, प्रत्येक चिंधीपाशी दोन बिया. भाऊंनी फळा घरी जपून ठेवला होता. त्यांच्या मुलानं तो मधोमध खडूची रेघ ओढून खेळायला घेतलेला, काही चौकोनांवर चिंचोके मांडलेले. परत नेऊ का, विचारलं. मुलानं चिंचोके उचलले नाहीत.

"राहू द्या," भाऊ म्हणाले. "ऑगस्टात या. तवर येईल कमरेइतकं."